तेवीस दिवसांचं शहर

नळाला आधी खोकला येतो, मग पाणी.

दुपारचे पावणेचार झाले होते. यशू शाळेतून येऊन, वरणभात खाऊन, एक पाय माझ्या मांडीवर टाकून झोपली होती. ही अर्धा-पाऊण तासाची वेळ माझी. तिच्या पहिलीतल्या वहीची मागची पानं कोरी राहिलीत, त्यावर मी लिहिते. पान उलटताना जपून उलटते, कारण कागद वाजला तरी हिचे डोळे उघडतात. पंखासुद्धा एकवर. आणि त्या शांततेत मोरीतल्या नळानं घसा खाकरला. खर्रर्र. फुस्स. मग गप्प. मग पुन्हा खर्रर्र.

मी तिचा पाय अलगद उशीवर ठेवला आणि नळाची नळी पिंपात सोडली.

भांडुपच्या आमच्या टेकडीवर पाणी दीड तास येतं. ते आपोआप येत नाही. एक माणूस रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलतो, खांद्याएवढी लांब लोखंडी चावी आतल्या व्हॉल्व्हवर बसवतो आणि फेरे मोजत फिरवतो, तेव्हा कुठे आमचा नळ खोकतो. त्याला चावीवाला म्हणतात. माझे बाबा, शिवदास, एकतीस वर्षं चावीवाले होते. लहानपणी पाणी आलं की आई म्हणायची, "आले तुझे बाबा." बाबा अजून तीन गल्ल्या पलीकडे असायचे, पण घरात ते असे आधी नळातून यायचे.

पिंप अर्धं झालं आणि दाराची कडी वाजली.

मानसी होती. वरच्या गल्लीतल्या चंपामावशीची मुलगी. दहावीला तिला विज्ञान मी शिकवलं. आता बावीस वर्षांची आहे आणि तिला इंग्लंडात लीड्सला एमएस्सीची सीट मिळाली आहे, फी माफ. महिनाभर वस्तीत दुसरा विषय नाही.

"झोपलीय का छोटी?"

"झोपलीय. हळू बोल. आणि चप्पल आत घे, कुत्रं पळवतं."

ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. पिंप भरल्यावर मी न सांगताच तिनं नळी उचलून बादलीत टाकली. आमच्याकडे पाहुणासुद्धा हे न सांगता करतो.

"मी नाही जात आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे काय यार, ताई. लीड्सला. उद्या बाराच्या आत कन्फर्म करायचंय. नाही करणार."

"का गं?"

"आई परत पडली. मंगळवारी. कुकर लावता लावता बसलीच खाली. डॉक्टर म्हणतात शुगर एकदम उतरली, गोळ्या बदलल्यात, आता नाही होणार. पण मी तिथे असताना झालं तर? भाऊ नाही, बाप नाही. मी एकटीच आहे ना तिला." नळी बादलीतून हंड्यात गेली. "आई म्हणते जा. ती म्हणणारच. पण तू बघ ना, तू पण आलीस ना सगळं सोडून? बाबा पडले तर तू एक मिनिट विचार नाही केलास. दरवर्षी विहारात तुझंच उदाहरण देतात. आमच्या माळ्यावर तर अजून तुझा चेहरा आहे."

हे तिनं हसत सांगितलं, पण खरं होतं ते. मी परदेशी निघाले तेव्हा नाक्यावर फ्लेक्स लागला होता. इस्त्री केल्यासारखे माझे केस, मागे निळं आकाश, 'आपल्या वस्तीची पहिली परदेशी विद्यार्थिनी'. फ्लेक्स उतरवल्यावर चंपामावशीनं तो मागून घेतला आणि पत्र्याखाली बांधला, गळतं म्हणून. छापलेली बाजू आत. मानसी नऊ वर्षं माझ्या तोंडाकडे बघत अभ्यास करत होती.

"ताई, हंडा भरला."

मी हंडा उचलला आणि ओट्यावर ठेवला, आणि उगाचच बराच वेळ पुसत राहिले.

दर जूनमध्ये विहारात गुणगौरव असतो. दहावी-बारावीच्या पोरांना वह्या आणि ट्रॉफी. तिथे मला बोलायला लावतात, 'परदेशातले अनुभव'. माझं भाषण आता पोरांना पाठ आहे. ग्लासगो शहर. सप्टेंबरचा महिना. विमानतळावरच्या बाथरूममध्ये एक बाई नळाला बाटली लावून तेच पाणी प्यायली, ते बघून मला शिसारीच आली होती, हे पहिलं. मग माझ्या खोलीतली पहिली रात्र: नळ सोडला तर पाणी, बंद करून परत सोडला तरी पाणी. मला खरंच वाटेना. मी दोन पातेली, किटली, एक मग आणि कचऱ्याचा नवा डबा, सगळं भरून ठेवलं आणि मगच झोपले. सकाळी शेजारच्या खोलीतली आयरीन, ग्रीक मुलगी, ओरडली, "छत गळतंय का?" इथे पोरं हसतात. मग दुकानातली म्हातारी मला 'हेन' म्हणाली, म्हणजे कोंबडी, आणि मी घरी येऊन आरशात बघितलं. नंतर कळलं की तिथे लाडानं तसंच म्हणतात. पोरं आणखी हसतात. बसमधून उतरताना तिथे प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. लाल दगडांच्या चार मजली चाळी, जिन्यात हिरव्या फरश्या. आणि जमिनीखालून जाणारी इवलीशी गाडी, भगव्या रंगाची, जी गोल फिरते. पंधरा स्टेशनं. चोवीस मिनिटांत तुम्ही जिथून निघालात तिथेच परत. "तिथे कुणी चुकूच शकत नाही," मी म्हणते, आणि मग टाळ्या.

मग चंद्रप्रकाशकाका, विहाराचे सेक्रेटरी, माइक घेतात. "आणि अशी ही आपली शीतल, वडील पडले कळताच सगळं सोडून आली. डिग्री गेली, पण माणूसपण कमावलं." बाबा होते तोवर पहिल्या रांगेत असायचे, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून, जमिनीकडे बघत.

एकाही वर्षी कुणी विचारलं नाही की दुसरा महिना कसा होता. थंडीत काय केलंस. परीक्षा कशी असते. विचारलं असतं तर मी अडकले असते. माझ्याजवळ त्या शहराचे फक्त पहिलेच दिवस आहेत. तेवीस. तेच मी नऊ वर्षं घासूनपुसून वापरते आहे.

"ताई, लीड्समध्ये डिसेंबरात चारलाच अंधार होतो म्हणे. ग्लासगोत कधी व्हायचा?" मानसीनं सहज विचारलं. नळीकडे बघत होती.

"मला माहीत नाही."

"विसरलीस?"

"नाही गं. मी डिसेंबरात नव्हतेच तिथे. ऑक्टोबरातच आले. तेवीस दिवस होते मी."

तिनं वर बघितलं. "तेवीस? मला वाटलं सहा-आठ महिने तरी."

"सगळ्यांनाच वाटतं."

बाबा सांगायचे, चावी एकदम फिरवायची नाही. पाणी दणक्यात सोडलं तर जुना पाइप फुटतो. एक फेरा, थांबायचं, कान द्यायचा, मग दुसरा. मला त्या दिवशी ते जमलं नाही. जे आलं ते दणक्यातच आलं.

मी तिला सांगितलं की चौथ्या दिवशी वर्गात प्रत्येकानं उभं राहून स्वतःबद्दल बोलायचं होतं. मी पाणीपुरवठ्याचं शिकायला गेले होते, आणि माझे वडील चावीवाले आहेत हे सांगायचं मी विमानातच ठरवलं होतं, वाक्यंही जुळवली होती. माझी पाळी आली आणि तोंडातून आवाजच निघेना. वीस जण वाट बघत होते. सर चांगले होते, हसून म्हणाले, पुन्हा कधीतरी. त्यांचं इंग्रजी मला दहातलं तीन कळायचं. मग गटात काम दिलं. गटातली मुलं मला विचारायची, मी मान हलवायचे, आणि पुढच्या वेळी ती विचारायची बंद झाली. कुणी वाईट वागलं नाही. वाईट वागले असते तर निदान रागवता आलं असतं.

"आठव्या दिवसापासून मी वर्गात गेलेच नाही," मी म्हटलं. "सकाळी डबा भरायचे, त्या गोल गाडीत बसायचे, आणि फिरत राहायचे. दुपारपर्यंत. डबा तिथेच खायचे, पर्स उघडून, आत तोंड घालून. मग खोलीवर यायचे आणि बाबांना फोन करायचे की आज लेक्चर झकास झालं."

बादली भरून वाहायला लागली तेव्हा मानसीनं नळी काढून नुसतीच हातात धरली. पाणी मोरीत चाललं होतं. आमच्याकडे असं कुणी करत नाही.

बाबांचे फोन. त्यांना शहरातलं दुसरं काहीच ऐकायचं नसायचं.

"चोवीस तास पाणी? मग चावीवाला काय करतो?"

"बाबा, इथे चावीवाला नसतोच."

"नसतो कसा? असतो. तुला दिसत नसेल. रस्त्यात झाकणं आहेत का बघ."

मी खरंच बघितली. होती झाकणं. मी फोटो पाठवले, आणि त्यांनी ते पाणी खात्याच्या चौकीत सगळ्यांना दाखवले. मग मी तेच तेच सांगायला लागले, कारण नवीन काही माझ्याजवळ येतच नव्हतं. एकदा ते म्हणाले, "अगं, कोंबडीचं तू मागच्या आठवड्यात सांगितलंस की." मी म्हटलं, "हो का?" आणि नेट गेल्याचं सांगून फोन ठेवला.

बाविसाव्या दिवशी आईचा फोन आला. बाबा झाकणापाशी शेवाळावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ठीक आहेत.

हे मी मानसीला सांगताना तिच्याकडे बघू शकले नाही. "माझ्या पोटात पहिलं जे आलं ना, ते दुःख नव्हतं. परीक्षा पुढे ढकलली की शाळेत कसं व्हायचं? तसं झालं. सुटले, असं. बाप पडला आणि मी सुटले."

बाबांनी फोन ओढून घेतला होता. "येऊ नकोस गं. पाय मोडलाय, मी नाही मोडलो."

"मी येते, बाबा."

"शीतल, ऐक माझं..."

"तिकीट काढलं मी."

काढलं नव्हतं. फोन ठेवला आणि मग काढलं. कॉलेजला लिहिलेल्या पत्राला बाबांच्या दवाखान्याचा कागद जोडला. कॉलेजनं फार सहानुभूतीचं उत्तर पाठवलं. लिहिलं होतं, जानेवारीत परत या, जागा ठेवतो.

"आणि जानेवारीत?" मानसीनं विचारलं.

"डिसेंबरात बाबा काठी घेऊन चालायला लागले. नाक्यापर्यंत जाऊन आले आणि दारातच म्हणाले, 'आता जा. जागा ठेवलीय ना त्यांनी?' मी म्हटलं, तुमचं कोण बघणार. ते म्हणाले, 'तुझी आई आहे की.' मी म्हटलं, आईला एकटीला झेपत नाही." मी नळ बंद केला. "आई ओट्याशी उभी होती. तीच सगळं करत होती. मी नुसती बसून असायचे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत कणीक मळायला लागली."

त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. फक्त कधीतरी, नळ खोकला की, बाबा भिंतीला टेकून बसलेले असायचे आणि म्हणायचे, "माझ्या पायानं तुझी वाट लावली, पोरी." मी म्हणायचे, "काहीतरीच काय, बाबा." एवढंच. खरं वाक्य त्याच्या पुढचं होतं. ते दर वेळी ओठांपर्यंत यायचं आणि मी ते गिळायचे. माझं लग्न झालं, दोन गल्ल्या खाली आले, यशू झाली, आणि मी गिळतच राहिले. पाच वर्षं. मग एका सकाळी बाबाच गेले.

"म्हणजे," मानसी उभी राहिली, "म्हणजे तू घाबरलीस. एवढंच?"

"एवढंच."

"आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. ताई, मी दहावीच्या निबंधात लिहिलंय तुझ्यावर. चंद्रप्रकाशकाकांनी वाचून दाखवला होता तो. तू बसली होतीस समोर. तू तेव्हा पण काही बोलली नाहीस!" तिचा आवाज चढला, मग यशूची आठवण होऊन एकदम खाली आला. ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं. "तुझ्या बाबांना केवढं वाटलं असेल. माझ्यामुळे झालं म्हणून."

"हो."

"आणि तू ते वाटू दिलंस."

"हो."

ती खिडकीपाशी गेली. बाहेर कुणाच्या तरी पिंपातून पाणी ओसंडत होतं आणि एक बाई ओरडत होती, "अगं ए, नळ बंद कर, वरच्यांना चढत नाही!" मानसी पाठमोरीच म्हणाली, "मला पण भीती वाटते. खरं सांगते. आईचं आहेच, पण मला पण वाटते. आपण तिकडे जाऊन येडे ठरलो तर?"

"मग तसं सांग आईला. भीती वाटते म्हणून जात नाही म्हण. चालेल. काही पाप नाही त्यात." मी पिंपावर झाकण ठेवलं. "पण तिच्या शुगरचं नाव घेऊ नकोस, मानसी. ती जन्मभर गोळी घेताना तुझी माफी मागेल. मी ऐकलंय ते. तू नको ऐकूस."

ती दाराशी गेली, चप्पल घातली. "तुझा फ्लेक्स मी आज उलटा करणार आहे," ती म्हणाली. "झोप नाही येणार मला आता त्याच्याखाली."

"कर."

जिन्यावर तिची पावलं वाजली आणि अर्ध्यावर फोनवरचा आवाज आला, मोठा, नेहमीसारखा धसमुसळा: "आई, कुकर तू लावू नकोस. बसून राहा. मी येतेय, मला बोलायचंय तुझ्याशी."

काय बोलायचं होतं ते मला कळलं नाही. उद्या बारानंतर कळेल.

मी मोरीतलं पाणी खराट्यानं लोटलं. आणि मानसीला न सांगितलेली एक गोष्ट तिथे, ओल्या फरशीवर, परत माझ्यासमोर आली. बाबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या खाटेजवळ बसून छोट्या यशूला गोल गाडीची गोष्ट सांगत होते, भाषणातली, हसायची. बाबा डोळे मिटून पडले होते. मध्येच म्हणाले, "त्या गाडीत डबा खाऊ देतात का गं?"

मी थबकले. गाडीचं मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. डब्याचं कधीच नाही. "देत असतील," मी म्हटलं. त्यांनी "हं" केलं आणि कूस बदलली. पाइपावर नुसता तळहात ठेवून पाणी कुठे अडलंय ते सांगणारा माणूस. तो प्रश्न आजारी माणसाचा सहज होता की त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला होता, हे मी चार वर्षं ठरवते आहे. एक दिवस वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं आणि मला सांगायला जागा करून देत होते. दुसऱ्या दिवशी वाटतं, नाही, ते स्वतःच्या पायाला दोष देतच गेले. यातलं बरं कुठलं, तेही मला कळत नाही.

"आई."

यशू मोरीच्या दारात उभी होती. गालावर उशीच्या शिवणीचा वळ, केस सगळे एका बाजूला. किती वेळ उभी होती कोण जाणे. हातात माझी वही होती, तिच्या नावाची बाजू वर.

"कधी उठलीस गं?"

"मानसीताईनं तुला अंधाराचं विचारलं तेव्हा." ती माझ्याकडे बघत राहिली, शाळेत नवीन बाई आल्यावर मुलं बघतात तसं. "तू घाबरली होतीस?"

"हो, बाळा."

"आणि गाडीत गोल गोल बसून राहायचीस? एकटी?"

"हो."

तिनं थोडा विचार केला. मग ओल्या फरशीवरून अनवाणी चालत माझ्याजवळ आली, माझ्या भिजलेल्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि मान वर करून विचारलं,

"मग आजोबांना माहीत होतं?"